नगरच्या कोर्समधून निघालेला अरुण

आपण नगरची मुलं. के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज ऐकत आपण बीजगणित सोडवलं. रणगाड्यांचं आपल्याला फारसं अप्रूप नाही. तरी स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायचं ठरल्यावर मला आठवला तो एक रणगाडाच, ‘फामागुस्टा’. तो आज आपल्याच गावात, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. तो लढवणारा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला आणि मरणोत्तर परमवीर चक्राचा मानकरी ठरला. माझ्या मुलाहून तो चारच वर्षांनी मोठा होता, म्हणून एकेरीत लिहिते. सरांनी आणि बाईंनी रागावू नये.

अरुणचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. घराणं मात्र सरगोध्याकडचं, फाळणीनंतर इकडे आलेलं. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात होते, वडील एम. एल. खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर्स दलात. (आम्हा इंजिनिअर मंडळींना उगाच बरं वाटतं!) १९६७ मध्ये तो खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाला. तिथल्या संचलनाच्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे. १३ जून १९७१ रोजी तो १७ पूना हॉर्समध्ये रुजू झाला. ही पलटण मुळात १८१७ च्या पुणे तहानुसार पेशव्यांच्या खर्चाने उभी राहिलेली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्ससाठी तो नगरला आला. कोर्स चालू असतानाच युद्धाचे ढग जमले आणि बोलावणं आलं. जाताना त्याने सामानात समारंभाचा निळा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या घेतल्या. लाहोरला गोल्फ खेळणार, म्हणाला. मला या पोराच्या शौर्यापेक्षा त्या काठ्याच जास्त हलवून सोडतात. वाटेत दिल्लीला घरी थांबून तो आघाडीवर गेला.

शकरगढ भागात बसंतर नावाची छोटी नदी आहे. १५ डिसेंबरला आपल्या सैन्याने तिच्या पलीकडे पाय रोवला, पण सुरुंग पुरते काढून झाले नव्हते. तरीही पूना हॉर्सचे रणगाडे त्या अर्धवट मोकळ्या वाटेने रात्रीच पलीकडे गेले. १६ तारखेला पाकिस्तानच्या १३ लान्सर्सने अमेरिकी पॅटन रणगाड्यांनिशी हल्ला चढवला. आपले होते ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन. अरुणने स्वतः शत्रूचे चार रणगाडे निकामी केले. फामागुस्टा पेटल्यावर वरिष्ठांनी रणगाडा सोडायला सांगितलं. आपली तोफ अजून चालते आहे, असं रेडिओवर सांगून तो लढत राहिला. पुढचा गोळा जिव्हारी लागला. रुजू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली.

युद्ध थांबलं तेव्हा दिल्लीच्या घरी सुटकेचा नि:श्वास टाकला गेला. मुलगा आता येईलच, याची वाट पाहणं सुरू झालं. बातमी आली ती त्यानंतर. म्हणजे मधले कित्येक दिवस आईवडील आणि धाकटा भाऊ मुकेश आनंदात होते. मुलाची आई म्हणून मला हेच सर्वांत सोसवत नाही.

आणि मग २००१. ऐंशी ओलांडलेल्या ब्रिगेडिअर खेत्रपालांना एकदा आपलं सरगोधा पाहायचं होतं. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला पाकिस्तानी सैन्यातले निवृत्त ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. अगदी घरच्यासारखा, जरा जास्तच अदबीने. परतीच्या आदल्या रात्री नासेर यांनी मन मोकळं केलं. बसंतरला अरुणच्या समोर तेच होते, आणि तो शेवटचा गोळा त्यांचाच. त्यांनी अरुणच्या धैर्याला मनापासून दाद दिली.

तीस वर्षं ज्याचा चेहरा माहीत नव्हता, तो माणूस समोर बसलेला, आणि आपण त्याच्याच घरचं मीठ खाल्लेलं. म्हाताऱ्या बापाने काय बोलावं? ते गप्प राहिले. दोघेही सैनिक होते, दोघांनीही हुकूम पाळले होते. रागावण्याचा हक्क त्यांना होता, असं मला आजही वाटतं. पण ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे दिल्लीला परतले.