गळक्या बुचामागचा इतिहास

समुद्रात जाणाऱ्या लहान बोटीचे डिझेल इंजिन थंड ठेवण्यासाठी बहुधा समुद्राचेच पाणी वापरतात. बोटीच्या तळाशी असलेल्या झडपेतून पाणी आत येते, पंप ते पुढे ढकलतो आणि उष्णता घेऊन ते पुन्हा समुद्रात जाते. या मार्गात अगदी खालच्या जागी साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी आट्यांचे एक बूच बसवलेले असते. थंड देशांत आतले पाणी गोठून इंजिनाला तडे जाऊ नयेत म्हणून हिवाळ्यापूर्वी ते काढून टाकतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण मीठ आणि गाळ साचतोच.

हे बूच गळू लागले की आटे साफ करून, दोरा-सफेदा लावून ते आवळतात, किंवा त्या मापाचे जे बूच मिळेल ते बसवतात. गळती थांबते, पण पुष्कळदा काही महिन्यांतच पुन्हा सुरू होते. भर समुद्रात असे बूच निखळले तर पंप समुद्राचे पाणी बोटीतच ओतू लागतो आणि इकडे इंजिन तापत जाते. म्हणून आवळण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा : हे बूच झिजले कशाने? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आरमारांना दीडशेहून अधिक वर्षे लागली.

१७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून तळ वाचवणे हा हेतू होता. वेस्ट इंडीजची सफर करून आलेली नौका १७६३ मध्ये तपासली, तेव्हा तांबे चांगले होते, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी पार कुजले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद या खिळ्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये राहून गेला होता. दोन धातूंचा स्पर्श टाळावा, एवढा धडा मिळाला. कारण कोणालाच सांगता येईना, कारण व्होल्टाचा विद्युतघट १८०० साली यायचा होता.

व्होल्टाच्या घटाने कोडे उलगडले. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की तोही एक घटच होतो. त्यांतील अधिक क्रियाशील धातू विरघळत जातो आणि दुसरा सुरक्षित राहतो. हे ओळखून हंफ्रे डेव्ही यांनी १८२४ मध्ये उलटा विचार केला. तांबे समुद्रात झिजते ना, मग त्याला मुद्दाम जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा. तो झिजेल, तांबे वाचेल. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या भागाएवढा तुकडाही पुरतो, असे त्यांना आढळले. कोचीन येथे बांधलेल्या 'समरंग' या नौकेवरही हा प्रयोग झाला. तांबे खरोखर वाचले. पण अशा नौकांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले, कारण विरघळणारे तांबेच त्या जीवांना विषासारखे दूर ठेवत होते. १८२५ मध्ये आरमाराने हे रक्षक तुकडे काढून टाकले. तत्त्व बरोबर होते, जागा चुकली होती.

पुढे वाफेची इंजिने आली. बाष्पकात खारे पाणी घातले की मिठाचे थर जमत. सॅम्युअल हॉल यांनी १८३४ मध्ये पेटंट घेतलेल्या शीतकात वाफ आणि समुद्राचे पाणी नळ्यांच्या भिंतीने वेगळे ठेवले, त्यामुळे वाफेचे गोडे पाणी पुन्हा वापरता येऊ लागले. १८३८ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या 'सिरियस'वर असेच शीतक होते. परंतु एखादी नळी गळली की मीठ थेट बाष्पकात जाई. पहिल्या महायुद्धात या गळतीने ब्रिटिश युद्धनौकांना इतके सतावले की खलाशांनी तिला एखाद्या आजारासारखे 'कंडेन्सरायटिस' असे नावच देऊन टाकले.

या नळ्या पितळेच्या असत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. येथे दोन धातू एकाच तुकड्यात असतात! सुमारे १ टक्का कथील मिसळल्यास ही क्रिया मंदावते. पुढील संशोधनातून ॲल्युमिनियमयुक्त पितळ आणि तांबे-निकेलचे मिश्रधातू वापरात आले.

आता आपल्या बुचाकडे पाहू. कांस्याच्या मोठ्या भागात लोखंडी बूच बसवले तर 'अलार्म'च्या खिळ्यांची गोष्ट पुन्हा घडते. मोठ्या कांस्यासमोर लहान लोखंड, म्हणून झीज फार वेगाने होते. साधे पितळी बूच बसवले तर त्यातील जस्त जाते. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा असावा. आधी तळाची झडप बंद करावी. बूच काढून आटे खरवडून पाहावेत. पितळ तांबूस आणि भुसभुशीत दिसले तर ते टाकून द्यावे. नवे बूच ज्यात बसते त्याच धातूचे घ्यावे, कांस्याला कांस्यच.

डेव्हींची कल्पनाही येथे योग्य जागी सापडते. पुष्कळ इंजिनांच्या शीतन-मार्गात जस्ताची एक कांडी असते. ती झिजण्यासाठीच असते, म्हणून अर्धी संपताच बदलावी. तिला रंग लावू नये, आणि तिच्या आट्यांवर टेपही गुंडाळू नये. 'अलार्म'वर कागदाने संपर्क तोडला म्हणून खिळे वाचले. येथे टेपने संपर्क तुटला तर जस्त निरुपयोगी होऊन इंजिन झिजेल.

हे वर्गात सहज दाखवता येईल. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालावे. समुद्राचा खारेपणा साधारण तेवढाच असतो. हे पाणी तीन पेल्यांत ओतावे. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेला खिळा ठेवावा. खिळे आधी सँडपेपरने घासून घ्यावेत. आठवडाभर रोजची नोंद मुलांनीच करावी. कोणत्या खिळ्याचे काय होईल, हे मात्र आम्ही सुचवतो की प्रयोगापूर्वीच त्यांच्याकडून लिहून घ्यावे.