परकी सून, घरची टीका : कासेगावच्या गेल ऑम्व्हेट

१/
१९४२च्या आंदोलनावरचा ज्ञानेंद्र पांडे यांनी संपादित केलेला एक इंग्रजी लेखसंग्रह १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारवर एक लेख आहे. लेखिका जन्माने अमेरिकन. सासर मात्र प्रतिसरकारात लढलेले कासेगावचे पाटणकर घराणे. सासरच्या लढ्याचा इतिहास लिहिणारी हीच सून आयुष्यभर या देशातील जातिव्यवस्थेची कठोर चिकित्सा करत राहिली. तिची ही गोष्ट. #थ्रेड

२/
दोन देशांना जोडणाऱ्या विवाहात एक प्रश्न हमखास उभा राहतो. लग्न करून आलेल्या माणसाने नव्या देशाला नावे ठेवावीत का? ठेवली, तर ती घरच्या माणसाची तक्रार मानायची की उपऱ्याची टवाळी? गेल ऑम्व्हेट यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर समजण्यासाठी आधी अर्धशतक मागे जावे लागते.

३/
१९२७ साली अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले. बालविवाह, बाळंतपणातील हाल, अस्पृश्यता यांचे भीषण चित्र रंगवून हा समाज स्वराज्याला लायक नाही, असे त्यातून सुचवले होते. देशभर संतापाची लाट उसळली. पुस्तकाच्या होळ्या झाल्या, प्रत्युत्तरादाखल पुस्तके लिहिली गेली.

४/
गांधीजींनी या पुस्तकाला गटारतपासनिसाचा अहवाल म्हटले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच परीक्षणात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती : प्रत्येक भारतीयाने हे पुस्तक वाचले तर त्याचा काहीएक लाभच होईल. परक्याचा हेतू नाकारायचा, पण त्याने दाखवलेली घाण नाकारायची नाही, ही ती भूमिका. संतापाच्या त्या दिवसांत ती फार थोड्यांना पेलली.

५/
पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, इंदूरचे पदत्याग केलेले महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्याआधी नाशिक येथे डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांच्या हस्ते तिची शुद्धी झाली आणि ती शर्मिष्ठादेवी बनली. अमेरिकन स्त्रीने ‘आपली’ व्हायचे ते धर्म, नाव आणि वेश बदलून, अशी ही रीत होती. टीकेला तिच्यात जागा नव्हती.

६/
अमेरिकेचे वागणे तरी कुठे उदार होते? तेथील कायद्याने चिनी माणसाला आधीपासूनच नागरिकत्व नाकारले होते. १९२३च्या भगतसिंग थिंद निकालाने भारतीयांनाही तोच न्याय लावला. अशा ‘अपात्र’ परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही जात असे. हे कलम १९३१ साली हटले. दोन्ही देशांत स्त्रीची निष्ठा तिच्या नवऱ्यावरून ठरत होती.

७/
महाराष्ट्र आणि अमेरिका यांच्यात एक वेगळा धागाही होता. महात्मा फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे; सावित्रीबाई त्याच जिल्ह्यातील नायगावच्या. १८७३ साली जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. आपल्या समाजाला आरसा दाखवताना त्यांनी परक्या देशाचा चांगुलपणा मोकळ्या मनाने मान्य केला. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला.

८/
बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली, कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने एका प्रबंधाला डॉक्टरेट दिली. विषय होता १८७३ ते १९३० या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ. प्रबंधकर्त्या गेल ऑम्व्हेट यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ रोजी मिनियापोलिस येथे झालेला. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थी पिढीत त्या घडल्या होत्या.

९/
हा तपशील महत्त्वाचा आहे. फुल्यांनी गुलामीचा अंत करणारी अमेरिका पाहिली होती. ऑम्व्हेट यांना वर्णद्वेष आणि युद्ध यांत गुंतलेली अमेरिका ठाऊक होती. स्वतःच्या जन्मदेशाची चिकित्सा त्या आधीच शिकून आल्या होत्या. मेयो यांच्याप्रमाणे ‘आम्ही सुधारलेले, तुम्ही मागासलेले’ या पायरीवर उभे राहून भारताकडे पाहणे त्यांना शक्यच नव्हते.

१०/
त्या ज्या घरात आल्या, तेही साधे नव्हते. कासेगाव हे वाळवा तालुक्यातले गाव. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४२ साली सातारा जिल्ह्यात होते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात येथे प्रतिसरकार चालले. गावोगावी न्यायनिवाडे झाले, सावकार आणि गावगुंडांना जरब बसली. कमी खर्चाचे ‘गांधी विवाह’ही लागले.

११/
बाबूजी पाटणकर आणि इंदुताई पाटणकर हे या लढ्यातले कार्यकर्ते. इंदुताई कऱ्हाड तालुक्यातील इंदोलीच्या. किशोरवयातच घर सोडून चळवळीत आलेल्या. स्वातंत्र्याला पाच वर्षे झाली असताना, १९५२ साली, बाबूजींची हत्या झाली. मुलगा भरत तेव्हा अगदी लहान होता. देशासाठी लढलेल्या या घराला स्वतंत्र देशातला अन्यायही लवकरच भोगावा लागला. देशाभिमान आणि देशाची झाडाझडती यांत विसंगती आहे, असे मानायला या घरात कारण नव्हते.

१२/
वैद्यकीय शिक्षण घेऊन चळवळीत उतरलेल्या भरत पाटणकरांशी गेल यांचा विवाह १९७६ साली झाला. त्यांना शलाका हे नावही मिळाले. ग्रंथांवर मात्र अखेरपर्यंत गेल ऑम्व्हेट हेच राहिले. १९८३ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. या देशातल्या चुकांची झळ लागली तर परतीच्या पारपत्राचा आधार त्यांना उरला नव्हता.

१३/
प्रतिसरकारवरचा त्यांचा लेख या पार्श्वभूमीवर वाचावा. सासरच्या गौरवगाथेवर त्या थांबत नाहीत. हे बंड याच मुलखात का पेटले, असे विचारून त्या त्याची मुळे बहुजन शेतकऱ्यांत आणि सत्यशोधक परंपरेत शोधतात. सुनेच्या आपुलकीने त्या विषयाजवळ गेल्या, पण लिहिताना अभ्यासकाची शिस्त त्यांनी सोडली नाही.

१४/
अभिमानाची जागाही त्यांना याच मातीत सापडली. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळाचा प्रश्न हाती घेतला. बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर स्वतःचे धरण उभारले. नदीतली वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला. भूमिहीनांनाही पाण्याचा समान वाटा, हे तत्त्व. नाव दिले ‘बळीराजा’. फुल्यांनी बहुजनांचा पूर्वज म्हणून गौरवलेला तो राजा. या प्रयोगाची ओळख ऑम्व्हेट यांनी इंग्रजी वाचकांना करून दिली.

१५/
म्हणूनच १९९९ साली अरुंधती रॉय यांनी मोठ्या धरणांविरुद्ध लिहिले, तेव्हा ऑम्व्हेट यांनी त्यांना खुले पत्र लिहून दुष्काळी शेतकऱ्याची पाण्याची मागणी मांडली. धरणग्रस्तांचे न्याय्य पुनर्वसन झालेच पाहिजे. पण दुष्काळी गावाला कालव्याचे पाणी हवे असेल, तर ती इच्छा तुच्छ कशी मानायची? अमेरिकेत जन्मलेली स्त्री भारतीय लेखिकेशी सांगलीच्या शिवारातून वाद घालत होती. हे मत पुरोगामी वर्तुळात अनेकांना पटले नाही.

१६/
२००१ साली दरबान येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तेथे यावा, असा दलित संघटनांचा आग्रह होता. भारत सरकारचा त्याला विरोध होता. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, हा तो जुनाच सूर. ऑम्व्हेट यांनी दलित संघटनांची बाजू घेतली. प्रश्न उघड होता : ‘घर’ म्हणजे कोण? घराबाहेर ठेवलेल्यांनी आपली फिर्याद कोणाच्या दारात न्यायची?

१७/
त्यांच्यावरील एका आक्षेपाचा विचार मात्र व्हायला हवा. इंग्रजी भाषा आणि बर्कलेची पदवी यांमुळे जगाने त्यांचे ऐकले. तेच बोलणारी वाळव्यातली शेतमजूर स्त्री जगाला ऐकू गेली नसती. हे खरे आहे. १९८० साली आलेल्या त्यांच्या ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ या पुस्तकात महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांचे बोलणे जागोजाग येते. त्यामुळे ही विषमता मिटली नाही, पण पुस्तकाची किल्ली एकट्या लेखिकेच्या हाती राहिली नाही.

१८/
मेयो आणि ऑम्व्हेट, दोघी अमेरिकन आणि दोघी भारतातील अन्यायाबद्दल लिहिणाऱ्या. फरक मापाचा आहे. मेयो यांनी मोजपट्टी बाहेरून आणली आणि मोजून त्या निघून गेल्या. ऑम्व्हेट यांनी ती फुले, आंबेडकर आणि संतांकडून घेतली, आणि त्या येथेच राहिल्या. मेयो यांचे पुस्तक स्वराज्य नाकारण्यासाठी वापरता आले. ऑम्व्हेट यांच्या लेखनाचा रोख स्वराज्य सर्वांपर्यंत पोहोचवण्याकडे होता.

१९/
२०१२ साली पती-पत्नींनी मिळून केलेला तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. धर्मातल्या दांभिकतेवर कोरडे ओढणारा आणि तरीही महाराष्ट्राने हृदयाशी धरलेला कवी या जोडप्याने निवडावा, यात नवल नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी गेल ऑम्व्हेट यांचे कासेगाव येथे निधन झाले. मिनियापोलिसहून निघालेली वाट वाळवा तालुक्यात संपली. (समाप्त)