संहिता आणि सत्ता : झाडीपट्टीच्या रंगभूमीसंबंधी एक टिपण

१८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने बदनामीकारक अथवा सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारा प्रयोग थांबविण्याचा, तसेच लेखक, मालक व मुद्रक यांच्याकडून आगाऊ माहिती मागविण्याचा अधिकार सरकारला दिला. अर्थात या कायद्याची दृष्टी प्रामुख्याने लिखित संहितेवर होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात विराटाच्या दरबारातील सैरंध्रीच्या विटंबनेआड प्रेक्षकांना कर्झनशाही दिसली. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तेथे नाटक छापील होते. शब्द हाती सापडत होता.

तत्कालीन चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतील, दंडारीची रीत निराळी. धानाची कापणी आटोपल्यावर रात्रभर रंगणाऱ्या या खेळात गद्य संवाद नट पुष्कळदा आयत्या वेळी झाडीबोलीत रचीत. जो शब्द कागदावर उतरतच नाही, तो कोणत्या कचेरीने तपासावा?

मात्र या सुटकेचे मोल इतिहासाला द्यावे लागते. सत्तेची थट्टा झाली असेल, तर तिचे शब्दही दप्तरात मिळावयाचे नाहीत. म्हणूनच दप्तराच्या मौनावरून झाडीपट्टी मुकी होती, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.