संघ बदलण्याचा अधिकार

इ. स. १९२८ च्या संपांत मुंबईच्या गिरणी कामगारांनीं ना. म. जोशी यांचा नेमस्त संघ मागें टाकिला. मे महिन्यांत स्थापन झालेल्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर ५०,००० वर गेले. त्या काळीं कामगाराचें मन वळलें कीं पुरे होतें.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानें ही रीत मोडली. ठराविक टक्के कामगार ज्याचे सभासद, तो नोंदलेला 'प्रातिनिधिक' संघच मालकांशीं वाटाघाट करणार. गिरणी धंद्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १९८१ मध्यें बोनसावरून चिडलेले कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे वळले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें २,५०,००० कामगार संपावर गेले. तरी निबंधकाच्या दप्तरीं प्रतिनिधि जुनाच राहिला. मीमांसकांच्या मतें मूळ द्रव्य न मिळाल्यास योजावयाचा तो प्रतिनिधि. येथें मूळच रस्त्यावर उभें असतां प्रतिनिधीचा आग्रह चालला! सामंतांच्या हट्टास दोष देणारे पुष्कळ आहेत, व तो दोष अगदींच निराधार नव्हे. परंतु कामगारांचा कौल घेण्यास कायद्यांत गुप्त मतदानाची सोयच नव्हती, हें आम्हांस अधिक विचारार्ह वाटतें. हा कायदा रद्द करावा, हीही संपाची एक मागणी होती. ती मान्य झाली नाहीं. आणि संपही विधिपूर्वक कधीं मागें घेतला गेला नाहीं.