काटकसरीतला वेग

ऑक्टोबर 1980मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात एमजीच्या कारखान्यातून शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि 1929पासून चालत आलेल्या त्या कारखान्याला कुलूप लागलं. दोन माणसांची, कापडी टपाची ही गाडी तिच्या सगळ्या अवतारांत मिळून पाच लाखांहून जास्त खपली होती. इंजिन मात्र 1962चंच राहिलं: 1.8 लिटर, दोन कार्ब्युरेटर. या दोघांचा सूर जुळवणं हे मालकाचं रविवार सकाळचं काम. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुस्कारा ऐकायचा. मग नळी दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही फुस्कारे सारखे वाजेपर्यंत स्क्रू पिळत बसायचं.

त्याच वर्षीच्या पानगळीत फोर्डने नवी एस्कॉर्ट आणली आणि तिच्याबरोबर एक्सआर3 नावाची तिची तिखट बहीण. इंजिन 1.6 लिटरचं, म्हणजे एमजीबीपेक्षा लहान. पण ही ताशी 180 किलोमीटर गाठायची. एमजीबी 170च्या आसपास दमायची. शिवाय एक्सआर3मध्ये मागे दोन मुलं बसत, मागचं दार वर उचललं की आठवड्याचा बाजार मावे, आणि पाऊस आला तर टप ओढायला धावावं लागत नसे. एमजीबी विकून एक्सआर3 घेणाऱ्या माणसाला 'आता वय झालं, संसार आला' असं म्हणायची सोय उरली नाही, कारण संसाराची गाडीच जास्त पळत होती.

हॉट हॅचचा, म्हणजे मागे उघडतं दार असलेल्या अशा वेगवान लहान गाड्यांचा, इतिहास सहसा इंजिनांच्या आणि शर्यतींच्या अंगाने सांगितला जातो. तो खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा विमा एजंटच्या टेबलावर, चोरांच्या खिशात आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात घडला. वेगवान गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिचे टायर, ब्रेक, क्लच आणि विम्याचा हप्ता उतरत नाहीत. लाखाची गाडी दहा हजारांत मिळाली तरी तिची बिलं लाखाच्या गाडीचीच येतात. हे ज्याला एकदा गॅरेजच्या दारात उभं राहून कळलं, तो पुढच्या वेळी लहान गाडीकडे वळतो. गेली पन्नास वर्षं युरोपात हेच वळण पुन्हापुन्हा घेतलं गेलं.

हॉट हॅचची सुरुवात मिनीपासून धरावी लागते, जरी मिनीला मागचं उघडतं दार नव्हतं. 1961मध्ये शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरच्या नावाने मिनी कूपर आली: 997 सीसी, 55 अश्वशक्ती, पुढे बशीएवढ्या डिस्क. किंमत 679 पाउंड. त्याच साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपला सुमारे 2,100 पाउंड पडत. पुढे 1964, 1965 आणि 1967मध्ये मिनीने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. 1966मध्येही ती पहिलीच आली होती, पण हेडलाइटचे दिवे नियमात बसत नाहीत म्हणून तिला बाद केलं. ब्रिटिश माणसाला त्या अन्यायाने जेवढी मिनी आवडली तेवढी तीन विजयांनीही आवडली नसेल.

पण 'हॉट हॅच' या नावाला खरं रूप आलं जर्मनीत, तेही चोरीछुपे. मार्च 1973मध्ये फोक्सवागनचे अभियंते आल्फोन्स ल्योवेनबर्ग यांनी सहकाऱ्यांपुढे मांडलं की कंपनीने एक चपळ गाडी करावी. वरिष्ठांना रस नव्हता. मग काही जणांनी कामाच्या वेळेबाहेर जमून ती जुळवायला घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलाचं संकट आलं. जर्मनीत चार रविवार खासगी गाड्यांना बंदी झाली आणि ऑटोबानवरही काही महिने ताशी 100ची मर्यादा बसली. अशा वेळी वेगाची गाडी काढणं म्हणजे दुष्काळात पोहण्याचा तलाव बांधणं. तरी सप्टेंबर 1975मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय उभी राहिली आणि 1976मध्ये 13,850 मार्कांना विकायला आली.

इंजिन 1.6 लिटर, इंधन इंजेक्शनने, 110 अश्वशक्ती. वजन जेमतेम 800 किलोच्या वर. कंपनीचा हिशेब असा की 5,000 गाड्या खपल्या तर खर्च निघेल. पहिल्या पिढीच्याच 4 लाख 60 हजारांवर खपल्या. ऑटोबानच्या डाव्या पट्ट्यात मर्सिडीजवाल्याला आरशात एक चौकोनी डबा दिसायचा, जाळीभोवती लाल रेघ असलेला, आणि तो मागे पडत नसे.

गाडीच्या आत शिरलं की दोन गोष्टी दिसत आणि त्या दोन्ही गुनहिल्ड लिलियेक्विस्ट या बाईंच्या. त्या मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करणाऱ्या. मिठाईच्या खोक्यांचीही चित्रं त्यांनी काढली होती. फोक्सवागनच्या कापड आणि रंग विभागात त्यांनी जीटीआयच्या आसनांना स्कॉटिश चौकड्याचं कापड लावलं आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू बसवला, खळग्याखळग्यांचा, तळहातात नेमका मावणारा. त्यात महाग असं काहीच नव्हतं. घोंगडीसारखं कापड आणि एक काळा चेंडू, तरी बसणाऱ्याला आपण साध्या गोल्फमध्ये नाही हे गाडी सुरू करण्याआधीच कळे. लेखणीच्या दोन फटकाऱ्यांत इतकं साधणारी रचना मोटारींच्या जगात विरळाच.

ब्रिटनमध्ये उजव्या स्टिअरिंगची जीटीआय 1979मध्ये पोचली. त्याआधी ज्यांना राहवेना त्यांनी डाव्या स्टिअरिंगची मागवून घेतली आणि ओव्हरटेक करताना शेजारच्या सीटवर बसलेल्याला 'समोरून कोण येतंय बघ' असं विचारत चालवली.

ऐंशीचं दशक या गाड्यांचं. 1984मध्ये आलेली प्यूजो 205 जीटीआय अनेकांच्या मते त्यातली सगळ्यांत गोड, आणि सगळ्यांत खट्याळ. वळणात वेगाने शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की वजन पुढच्या चाकांवर येई, मागची चाकं हलकी होत आणि गाडीचा पार्श्वभाग हळूच बाहेर निघू लागे. ज्याला कळे तो याच सवयीने वळण कापी. ज्याला कळत नसे तो मागच्या बाजूने कुंपणात जाई. 1986च्या अखेरीस 1.9 लिटर, 130 अश्वशक्तीची 205 आली तेव्हा कुंपणांवरचा ताण वाढला.

राजकन्या डायनानेही या रांगेत पाऊल ठेवलं. 1985मध्ये तिने एस्कॉर्टची उघडी गाडी सोडून एस्कॉर्ट आरएस टर्बो घेतली. ती गाडी तेव्हा फक्त पांढऱ्या रंगात मिळे. डायनाची मात्र नजरेत भरू नये म्हणून काळी करून दिली आणि पोलीस अंगरक्षकासाठी आत दुसरा आरसा लावला.

आणि मग चोर आले.

1986मध्ये फोर्डने सिएरा आरएस कॉसवर्थ काढली. शर्यतीच्या नियमांसाठी 5,000 गाड्या बनवणं भाग होतं, बनल्या 5,545. ताकद 204 अश्वशक्ती, मागे देव्हाऱ्याच्या महिरपीसारखा उंच पंख, किंमत 15,950 पाउंड. नवी असताना ती डॉक्टर-वकिलांची. चार-पाच वर्षांत जुन्या बाजारात उतरली आणि विशीतल्या पोरांच्या आवाक्यात आली. तिचं कुलूप मात्र साध्या सिएराचंच होतं. तीच गत एक्सआर3, आरएस टर्बो आणि गोल्फची. स्टिअरिंगला पेडलशी जखडणारा लोखंडी दांडा आला खरा, पण करवत असलेल्या माणसासाठी तो दांडा नव्हे, स्टिअरिंगचं रबरी कडं कापणं सोपं होतं.

1991च्या उन्हाळ्याअखेर ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीझ वस्तीत चोरलेल्या हॉट हॅच गर्दीपुढे गरागरा फिरवायचे खेळ रात्री रंगू लागले. लोक खुर्च्या टाकून बघायला बसत. पोलिसांनी आवळायला घेतल्यावर दंगल झाली. ही वस्ती काउली मोटार कारखान्याच्या शेजारची, आणि ॲबिंग्डनचा तो बंद पडलेला कारखाना तिथून दहाएक किलोमीटरवर. सप्टेंबरमध्ये टाइनसाइडच्या मेडो वेल भागात पोलिसांच्या पाठलागात चोरीच्या गाडीतले दोन तरुण मेले आणि तिथेही जाळपोळ झाली. पुढच्या वर्षी संसदेने चोरलेली गाडी धोकादायकरीत्या चालवण्याविरुद्ध वेगळा कायदाच केला.

शिक्षा चोरांना झाली ती झाली. दंड भरला प्रामाणिक मालकांनी. विमा कंपन्यांनी गाड्यांचे 1 ते 20 गट पाडले आणि वेगवान गाड्या वरच्या टोकाला ढकलल्या. मोठ्या शहरात राहणाऱ्या विशीतल्या माणसाला जुन्या कॉसवर्थचा वर्षाचा हप्ता ऐकून गाडीच्या किमतीची आठवण होई. कंपन्यांनीही धडा घेतला. फोर्डने एक्सआर हे नाव गुंडाळून 'एसआय' असं आजारी माणसाच्या पेजेसारखं नाव लावलं. गोल्फ जीटीआय जाड झाली. हॉट हॅच संपली असं मोटारींच्या मासिकांनी लिहिलं.

ती संपली नाही, फक्त अजून एक पायरी खाली उतरली. हप्ता परवडेना म्हणून मोठी जुनी गाडी विकलेल्यांसाठी फ्रेंचांनी आणखी लहान, आणखी हलक्या गाड्या काढल्या: प्यूजो 106 रॅली, पत्र्याच्या साध्या चाकांची, सित्रोएं सॅक्सो व्हीटीआर आणि व्हीटीएस. सित्रोएंने तर रोगाच्या मुळावरच बोट ठेवलं: सॅक्सो घ्या, विमा आमच्याकडून फुकट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या दर दुसऱ्या पार्किंगच्या कोपऱ्यात मोठा सायलेन्सर लावलेली एक सॅक्सो दिसायची ती या सवलतीच्या कृपेने. इंजिनाच्या अभियंत्याला जे जमलं नाही ते हिशेबनिसाला जमलं. ऑक्टोबर 1998पासून युरोपात नव्या गाड्यांना चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचं झालं आणि मग कुठे होंडा सिव्हिक टाइप आर, रेनो क्लिओ 172 अशा ताकदवान गाड्यांना पुन्हा दार उघडलं. 2001ची ती टाइप आर स्विंडनच्या कारखान्यात बनत होती.

विमा थोडा निवळला तसा करखात्याचा नंबर लागला. 2001पासून ब्रिटनमध्ये रस्त्याचा कर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला. पुढे 225 ग्रॅमच्या वरच्या आणि 23 मार्च 2006 किंवा नंतर नोंदलेल्या गाड्यांना सगळ्यांत जड गट लागला. म्हणून जुन्या वेगवान गाड्यांच्या जाहिरातीत 'मार्च 2006 आधीची' हे शब्द रंगाच्या आणि मैलांच्या आधी छापले जात. बीएमडब्ल्यूची दहा सिलिंडरची एम5 किलोमीटरमागे 350 ग्रॅमच्या आसपास सोडे. 2013ची फोर्ड फिएस्टा एसटी 182 अश्वशक्ती देऊन 138 ग्रॅम सोडत होती आणि नवीकोरी 16,995 पाउंडांना मिळत होती. पाच-सहा वर्षांच्या एम5ची किल्ली टेबलावर ठेवून फिएस्टाची उचलणाऱ्या माणसाला फारसा विचार करावा लागत नसे.

आपल्याकडेही या गोष्टीचा कर्ता करखातंच. फरक इतकाच की इथे धूर नाही, फूटपट्टी लावली. 2006च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि 1,200 सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्याआधीच्या वेगवेड्यांचं दैवत होतं ते तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला जुळवली जाणारी 2004ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस: 1.8 लिटर टर्बो, 150 अश्वशक्ती. त्याच सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून 1.6 लिटरची फियाट पालिओ निघत होती, सचिन तेंडुलकर जिची जाहिरात करायचा. तिचा पिकअप आणि तिची तहान दोन्ही मुंबईकरांना पाठ होते.

2013मध्ये चाकणहून पोलो जीटी टीएसआय आली. लांबी 3,971 मिलीमीटर, इंजिन 1,197 सीसी. आकडे पाहिले की कळतं, ही गाडी आधी शुल्काच्या कलमात बसवली आणि मग रस्त्यावर आणली. 105 अश्वशक्ती तेव्हा युरोपात कुणी हॉट हॅचला पुरेशी मानली नसती. खंडाळ्याचा घाट चढताना ती पुरत होती. दोन वर्षांनी शेजारच्या रांजणगावातून फियाटची अबार्थ पुंटो आली, 145 अश्वशक्तीची, 9 लाख 95 हजारांना. तिचं इंजिन 1,368 सीसीचं, म्हणजे 168 सीसीने नियमाबाहेर, आणि त्या 168 सीसीचा भुर्दंड तिच्या किमतीतच होता. तरी त्या पैशांत त्या ताकदीचं दुसरं काही मिळत नव्हतं. म्हाताऱ्या ऑक्टाव्हियाच्या सुट्या भागांची बिलं भरून थकलेल्याला एकाच जिल्ह्यातले हे दोन पर्याय होते.

दोन्ही आता बंद. फियाटच्या गाड्या गेल्या, 2022मध्ये चाकणची पोलो थांबली, 2023च्या जुलैत कोलोनमध्ये शेवटची फिएस्टा बनली. स्वस्त म्हणून घेतलेल्या गाड्या मात्र वर निघाल्या आहेत. डायनाची ती काळी एस्कॉर्ट ऑगस्ट 2022च्या लिलावात साडेसहा लाख पाउंडांवर गेली.

मे 2025मध्ये गोल्फ जीटीआय पहिल्यांदा अधिकृतपणे भारतात आली, बाहेरून बनून, 53 लाखांना. जाळीवर लाल रेघ आहे. आसनांना लिलियेक्विस्टबाईंच्या वळणाचं चौकड्याचं कापड आहे. गिअर आपोआप पडतात. दोन आसनांच्या मध्ये एक बोटभर बटण आहे, आणि चेंडू बसवायला दांडाच नाही.