डोंगर उभा कोणाच्या बळावर?

गारखेडा हे एके काळी वेगळे खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगर शहरात मिसळून गेले आहे. पण डोंगर काही जागचे हललेले नाहीत. दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी खंडोबा. उत्तरेला गोगाबाबाची टेकडी आणि तिकडच्याच डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. आणि शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, वायव्येला, देवगिरी. यांतील देवगिरीचा डोंगर पुष्कळांनी चढलेला असेल. शाळांच्या सहली तर तेथे नेहमीच जातात. पण चढून गेल्यावर आपण पाहतो काय? तोफ पाहतो, बारादरी पाहतो, वारा खातो आणि खाली उतरतो. आज मला तुम्हांला एकच प्रश्न विचारायचा आहे. हा डोंगर इतकी शतके उभा राहिला, तो कोणाच्या बळावर?

पहिले उत्तर सोपे आहे. कातळाच्या बळावर! यादव राजा पाचवा भिल्लम याने 1187 च्या सुमारास येथे राजधानी केली. सपाटीपासून सुमारे 200 मीटर उंच असा हा एकटा सुळका. त्याच्या कडा चहूबाजूंनी तासून काढल्या, त्या काही ठिकाणी 50 मीटरपर्यंत सरळ उभ्या आहेत. घोरपडीलाही नख रोवता येऊ नये अशा. खाली कातळात खोदलेला खंदक. वर जाण्याची वाट डोंगराच्या पोटातून, तिला लोक ‘अंधारी’ म्हणतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी येथे आला होता. वर जाण्यासाठी चामड्याची शिडी आहे आणि रात्री ती वर ओढून घेतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. असा हा डोंगर! तो चढून कोण जिंकणार?

आणि खरोखरच, चढून तो कोणी जिंकला असे प्रसिद्ध उदाहरण नाही. मग तो पडला कसा?

1296 साल. रामचंद्रदेव यादव गादीवर होता. अलाउद्दीन खिलजी विंध्य ओलांडून अवचित देवगिरीवर येऊन धडकला. तेव्हा तो दिल्लीचा सुलतान नव्हता, कडा प्रांताचा सुभेदार होता. यादवांची मुख्य फौज राजपुत्राबरोबर दूर गेलेली. राजा घाईघाईने किल्ल्यावर चढला. कोकणातून माल घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पायथ्याशी पडली होती. ती धान्याची समजून लोकांनी वर नेली. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत निघाले मीठ! ही हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. तो तीनशे वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी. परंतु तिच्यातले मर्म शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. नुसत्या मिठावर किती दिवस काढणार? राजाला तह करावा लागला आणि जबर खंडणी द्यावी लागली.

पुढे 1633 मध्ये हेच घडले. किल्ला निजामशाहीकडे होता आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान आत होता. मोगल सरदार महाबतखान याने वेढा घातला. खालचे कोट सुरुंग लावून फोडता आले. पण वरचा डोंगर सुरुंगाला दाद देईना. विजापूरच्या फौजेने आत धान्य पोचवण्याची खटपट केली. मोगलांनी ती हाणून पाडली. सुमारे चार महिन्यांनी उपासमारीने जेरीस येऊन फतेहखानाने किल्ला स्वाधीन केला. कातळ शाबूत होता. कोठार रिकामे झाले होते.

आता थोडा हिशेब करू या. समजा, वर एक हजार माणसे आहेत. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा. दिवसाला पाच क्विंटल झाले. चार महिन्यांना सहाशे क्विंटल! बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरले, तर सहाशे बैलांचे ओझे. आणि अंधारीतून काही बैल जात नाही, बरे का! तेथून पुढे माणसाचा खांदा. अर्ध्या क्विंटलचे पोते धरले, तरी बाराशे खेपा. हे धान्य पिकवले कोणी? वाहिले कोणी? जवळच माळीवाडा नावाचे गाव आहे. नावातच माळी आहेत. इतिहासाच्या पुस्तकात भिल्लम सापडतो, महाबतखान सापडतो. पोते वाहणारा सापडत नाही.

पाण्याचेही तसेच. हत्ती हौदाजवळ उभे राहून पाहा, केवढा तो विस्तार! पावसाळ्यात भरलेले पाणी उन्हाळाभर पुरवायचे, ही काळजी त्या बांधकामात दिसते. पुढे 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तीच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्यानेही डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणले. डोंगर आणि वस्ती यांचे नाते असे दोन्ही बाजूंचे आहे. वस्ती डोंगराला धान्य देते, डोंगर वस्तीला पाणी देतो.

हा हिशेब चोख ठेवणारेही याच किल्ल्यावर होऊन गेले. पैठणचे एकनाथ महाराज येथे जनार्दनस्वामींपाशी शिकले. स्वामी किल्लेदार होते. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, ही आख्यायिका तुम्ही लहानपणीच ऐकली असेल. तिच्याकडे आपण भक्तीची गोष्ट म्हणून पाहतो. मिठाची पोती आठवून तीच गोष्ट पुन्हा ऐका. किल्ल्यावर हिशेबाची चूक म्हणजे जिवाशी गाठ!

कोणी म्हणेल, ही झाली लढाईची गोष्ट. आता लोक हौसेने डोंगर चढतात, तेथे पायथ्याचा काय संबंध? तर इटलीकडे पाहा. तेथे डोंगर चढणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था 1863 मध्ये तूरिन शहरी निघाली. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न हे 4,478 मीटर उंचीचे शिखर आहे. 14 जुलै 1865 रोजी एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज स्वित्झर्लंडच्या बाजूने त्यावर पोचला. त्याचे वाटाडे डोंगरातल्या गावांचेच होते. तीनच दिवसांनी इटलीच्या बाजूने शिखर गाठले ते झाँ-आंत्वान कारेल याने. हा पायथ्याच्या व्हाल्तूर्नांश गावचा माणूस. आपल्याकडेही महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. तेथे जाणारा प्रथम बारी गावात उतरतो, तेथे पाणी पितो, वाट विचारतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून एक विनंती. पुढची सहल देवगिरीला नेलीत, तर मुलांना थेट माथ्यावर पळवू नका. आधी पायथ्याच्या गावात तासभर थांबा. तेथल्या वडीलधाऱ्यांना विचारा, जुन्या विहिरी कोठे, जुनी वाट कोठून जात असे. मग प्रत्येक मुलाला आपले पाणी आपण वाहू द्या. चढताना ज्याला धाप लागेल, त्याला पोत्याचे वजन आपोआप कळेल. अंधारीत सोबत दिवा ठेवा, कडेला कोणाला जाऊ देऊ नका, भिंतींवर नावे कोरू देऊ नका. आणि माथ्यावर पोचल्यावर राजांची नावे विचारण्याआधी मुलांना खाली पाहायला सांगा. शेते दिसतील, विहिरी दिसतील, रस्ते दिसतील. त्यांना विचारा, ‘यांतले काय तुटले असते, तर हा किल्ला पडला असता?’

ज्या मुलाचे आईबाप शेतात राबतात, त्याला हे उत्तर सर्वांआधी सुचेल. इतिहासात आपलेही माणूस होते, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळेल. एवढे झाले, तरी त्या दिवसाची चढण सार्थकी लागली असे समजा.