ओव्हरक्लॉकिंगसाठी संगणकाच्या भागांची निवड

संगणकाचा प्रोसेसर, मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर चालवण्याच्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडलेल्या संगणकांमध्ये ही पद्धत विशेष प्रचलित आहे. अशा संगणकाची वेगमर्यादा केवळ प्रोसेसरवर अवलंबून नसते. मदरबोर्ड, मेमरी, शीतकरण आणि वीजपुरवठा यांपैकी जो भाग सर्वप्रथम अपुरा पडतो, तोच संपूर्ण संगणकाची मर्यादा ठरवतो. त्यामुळे भागांची निवड एकमेकांशी असलेल्या संबंधांचा विचार करून केली जाते.

तत्त्व

प्रोसेसरची वारंवारता ही पायाभूत वारंवारता आणि गुणक या दोन संख्यांचा गुणाकार असते. आधुनिक प्रोसेसरमध्ये पायाभूत वारंवारता साधारणतः १०० मेगाहर्ट्झ असते. गुणक ५० असल्यास प्रोसेसर ५,००० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालतो. यांपैकी कोणतीही एक संख्या वाढवल्यास वेग वाढतो. मात्र पायाभूत वारंवारतेशी संगणकातील इतर भागही जोडलेले असू शकतात, त्यामुळे ती वाढवल्यास त्यांच्यावरही ताण येतो. गुणकाचा परिणाम प्रोसेसरपुरताच मर्यादित राहतो.

वारंवारता एका मर्यादेपलीकडे गेल्यावर प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर ठरलेल्या वेळेत आपली स्थिती बदलू शकत नाहीत आणि गणनेत चुका होऊ लागतात. विद्युतदाब वाढवल्यास ट्रान्झिस्टर अधिक जलद बदलतात, परंतु त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. प्रोसेसरच्या कार्यात खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात, तर विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता १० टक्के वाढवली आणि विद्युतदाब तोच ठेवला, तर ही शक्ती सुमारे १० टक्क्यांनी वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवल्यास वाढ सुमारे ३३ टक्के होते. विद्युतदाब न वाढवता किंवा अत्यल्प वाढवून मिळणारा वेग स्वस्त आणि त्यापुढचा प्रत्येक टप्पा महाग, हा ओव्हरक्लॉकिंगचा मूलभूत हिशोब आहे.

इतिहासातील उदाहरण: सेलेरॉन ३००ए

इंटेल कंपनीने इ.स. १९९८ मध्ये बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर भागांच्या परस्परपूरकतेचे सर्वपरिचित उदाहरण मानला जातो. त्याची अधिकृत वारंवारता ३०० मेगाहर्ट्झ होती. पायाभूत वारंवारता ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक ४.५ असून गुणक बदलता येत नव्हता. पायाभूत वारंवारता १०० मेगाहर्ट्झ केल्यावर यांपैकी अनेक प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर स्थिरपणे चालत असत. त्या काळी इंटेलचा महागडा पेंटियम २ प्रोसेसरही ४५० मेगाहर्ट्झवर चालत होता.

या यशामागे प्रोसेसरइतकाच इतर भागांचाही वाटा होता. इंटेलचा ४४०बीएक्स हा चिपसेट १०० मेगाहर्ट्झसाठीच बनवलेला असल्याने मदरबोर्डवर अतिरिक्त ताण येत नव्हता. पीसीआय आणि एजीपी जोडण्यांची वारंवारता योग्य भाजकामुळे अनुक्रमे ३३ आणि ६६ मेगाहर्ट्झ एवढीच राहत असे. १०० मेगाहर्ट्झला चालणारी मेमरी बाजारात उपलब्ध होती. सेलेरॉन ३००एमधील १२८ किलोबाइटची कॅश मेमरी प्रोसेसरच्याच चिपवर असल्याने ती पूर्ण वेगाने चालत होती. पेंटियम २ची कॅश आकाराने मोठी, ५१२ किलोबाइटची असली, तरी ती स्वतंत्र चिपवर असून निम्म्या वेगाने चालत असे. ॲबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर ही वारंवारता बायोसमधूनच बदलता येत होती. ज्या मदरबोर्डवर ही सोय नव्हती, तेथे प्रोसेसरच्या एका संपर्कबिंदूवर चिकटपट्टी लावून १०० मेगाहर्ट्झची निवड करून घेतली जात असे. थोडक्यात, पायाभूत वारंवारता ५० टक्क्यांनी वाढूनही प्रोसेसरखेरीज इतर कोणताही भाग आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर जात नव्हता.

प्रोसेसरची निवड

पुढील काळात उत्पादकांनी बहुतेक प्रोसेसरचे गुणक बंदिस्त केले आणि खुल्या गुणकाचे प्रोसेसर वेगळे विकण्यास सुरुवात केली. इंटेलच्या अशा डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस 'के' हे अक्षर असते. इ.स. २०११ मध्ये आलेले कोअर आय५-२५००के आणि आय७-२६००के हे या मालिकेतील लोकप्रिय प्रोसेसर होत. त्या पिढीपासून पायाभूत वारंवारता इतर जोडण्यांशी घट्ट बांधली गेल्याने खुल्या गुणकाशिवाय लक्षणीय ओव्हरक्लॉकिंग करणे कठीण झाले. एएमडी कंपनीच्या इ.स. २०१७ पासूनच्या रायझन मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरचे गुणक खुले असतात. इ.स. २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्यास अपवाद होता. त्यातील एकावर एक रचलेली कॅश मेमरी जादा विद्युतदाबासाठी योग्य नव्हती.

एकाच क्रमांकाचे दोन प्रोसेसरही सारख्याच वारंवारतेपर्यंत पोहोचतील असे नसते. सिलिकॉनच्या चकतीवर चिप तयार होताना सूक्ष्म फरक राहतात, त्यामुळे एखाद्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी कमी विद्युतदाब पुरतो, तर दुसऱ्याला अधिक लागतो. खरेदीपूर्वी हे समजण्याचा मार्ग नसल्याने याला 'सिलिकॉन लॉटरी' असे म्हटले जाते. इतरांना मिळालेल्या उच्चांकावर विसंबून अंदाजपत्रक आखणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

मदरबोर्डची निवड

मदरबोर्डचा चिपसेट ओव्हरक्लॉकिंगला परवानगी देतो की नाही, हे प्रथम पाहिले जाते. इंटेलच्या 'के' प्रोसेसरचा गुणक वाढवण्यासाठी सामान्यतः 'झेड' मालिकेतील चिपसेट लागतो. एएमडीच्या बाबतीत बी३५०, एक्स३७० आणि त्यांच्या पुढील पिढ्यांतील बी व एक्स मालिकांच्या बहुतेक चिपसेटवर ही सोय असते. ए३२० आणि ए५२० यांसारख्या प्राथमिक चिपसेटवर ती नसते. खुल्या गुणकाचा प्रोसेसर अशा मदरबोर्डवर बसवल्यास त्यासाठी मोजलेली जादा किंमत वाया जाते.

दुसरा निकष विद्युतदाब नियंत्रक मंडलाचा, म्हणजेच व्हीआरएमचा होय. हे मंडल १२ व्होल्टचा पुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या सुमारे एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरवते. १५० वॅट शक्ती घेणाऱ्या प्रोसेसरला १.२५ व्होल्ट दाबावर १२० अँपिअर विद्युतप्रवाह लागतो. हा प्रवाह अनेक समांतर टप्प्यांत विभागला जातो. टप्प्यांची संख्या अपुरी किंवा घटक हलक्या दर्जाचे असल्यास मंडल तापते आणि प्रोसेसर थंड असूनही संगणकाचा वेग आपोआप घटतो. जाहिरातीतील टप्प्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येक टप्प्याची प्रवाहक्षमता आणि त्यावर बसवलेला धातूचा उष्णताशोषक अधिक महत्त्वाचा असतो.

मेमरीची निवड

मेमरीचा वेग आणि तिचा प्रतिसादकाल यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो. प्रतिसादकाल 'सीएल' या अंकाने दर्शवला जातो. त्यास २,००० ने गुणून मेमरीच्या वेगाने भागल्यास तो नॅनोसेकंदांत मिळतो. त्यानुसार डीडीआर४-३२०० सीएल१६, डीडीआर४-३६०० सीएल१८ आणि डीडीआर५-६००० सीएल३० या तिन्हींचा प्रतिसादकाल १० नॅनोसेकंदच येतो. पुढच्या प्रकारांत प्रतिसादकाल तोच राहून माहिती वाहून नेण्याची क्षमता वाढते.

इंटेलची एक्सएमपी आणि एएमडीची एक्सपो या पद्धतींत विक्रेत्याने तपासलेली मांडणी मेमरीतच नोंदवलेली असते व ती बायोसमधून लागू करता येते. अशी मांडणी प्रमाणित वेगाच्या वरची असल्यास तांत्रिकदृष्ट्या तेही ओव्हरक्लॉकिंगच होय. उदाहरणार्थ, डीडीआर४ मेमरीचा प्रमाणित विद्युतदाब १.२ व्होल्ट आहे, तर एक्सएमपीच्या मांडणीत तो बहुधा १.३५ व्होल्ट असतो. चार पट्ट्यांपेक्षा दोन पट्ट्या वापरल्यास मेमरी नियंत्रकावरील भार कमी राहतो आणि अधिक वेग गाठणे सोपे जाते. एकत्र विकलेल्या जोडीतील पट्ट्या एकमेकींशी तपासलेल्या असल्याने वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांपेक्षा त्या श्रेयस्कर मानल्या जातात.

शीतकरण

हवेचा किंवा पाण्याचा साधा शीतक प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो केवळ खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान यांतील अंतर कमी करतो. त्यामुळे शीतकाची क्षमता स्थानिक हवामानाच्या संदर्भात पाहावी लागते. पूर्ण भाराखाली हे अंतर ६० अंश सेल्सियस राहत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८५ अंशांवर राहील. ४२ अंशांच्या खोलीत मात्र तो १०० अंशांच्या पुढे जाऊ पाहील आणि स्वसंरक्षणासाठी आपला वेग कमी करील. नागपूर, चंद्रपूर यांसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. अशा ठिकाणी हिवाळ्यात स्थिर वाटलेली मांडणी मे महिन्यात पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. कॅबिनेटमधून हवा खेळती राहणे आणि धूळ नियमितपणे काढणे हेही शीतकाइतकेच महत्त्वाचे असते.

उच्चांक स्थापन करण्यासाठी उणे १९६ अंश सेल्सियसला उकळणारा द्रवरूप नायट्रोजन आणि त्याहून थंड असलेला द्रवरूप हेलियम वापरला जातो. इ.स. २०११ मध्ये एएमडी एफएक्स-८१५० या प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झचा, तर डिसेंबर २०२२ मध्ये इंटेल कोअर आय९-१३९००केने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा पार केला. हे प्रयोग अल्पकाळाचे असतात. दैनंदिन वापराशी त्यांचा संबंध नसतो.

वीजपुरवठा

भारतीय बाजारात एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा वीजपुरवठा संच निवडताना सर्व भागांच्या कमाल गरजेची बेरीज करून त्यावर पुरेशी शिल्लक ठेवली जाते. प्रोसेसर २०० वॅट, ग्राफिक्स कार्ड ३०० वॅट आणि उर्वरित भाग ७५ वॅट घेत असल्यास बेरीज ५७५ वॅट होते. अशा संगणकाला ७५० वॅटचा संच सोयीचा असतो. ८० प्लस हे मानांकन संचाची ऊर्जाकार्यक्षमता दर्शवते. दाबाची स्थिरता किंवा संरक्षक मंडलांचा दर्जा यांची खात्री केवळ त्यावरून देता येत नाही. हलक्या दर्जाचा संच निकामी होताना इतर भागांचेही नुकसान करू शकतो, म्हणून या भागावर काटकसर करू नये असे सर्वसाधारण मत आहे.

चाचणी आणि धोके

वारंवारता लहान टप्प्यांनी वाढवून प्रत्येक टप्प्यावर प्राइम९५ किंवा सिनेबेंचसारख्या प्रणालींनी प्रोसेसरची, तर मेमटेस्ट८६ने मेमरीची चाचणी घेतली जाते. संगणक अचानक बंद पडणे हे अस्थिरतेचे उघड लक्षण होय. अधिक घातक प्रकार म्हणजे मेमरीतील मूक चुका. त्यांत संगणक चालू राहतो, परंतु साठवलेल्या फायली नकळत दूषित होतात. चाचणीपूर्वी महत्त्वाच्या माहितीची स्वतंत्र प्रत ठेवणे त्यामुळे अत्यावश्यक असते.

जादा विद्युतदाब आणि तापमान यांमुळे चिपमधील सूक्ष्म वाहकांतील धातूचे अणू विद्युतप्रवाहाबरोबर सरकतात आणि चिपचे आयुष्य घटते. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत सहसा समाविष्ट नसते.

सद्यस्थिती

आधुनिक प्रोसेसर तापमान आणि उपलब्ध शक्ती पाहून आपला वेग स्वतःच वाढवतात. पूर्वी वापरकर्त्याला मिळणारी बरीचशी शिल्लक आता कारखान्यातच वापरली जाते. इ.स. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता आढळली. जादा विद्युतदाबाची मागणी हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने सांगितले, सुधारित मायक्रोकोड प्रसृत केला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. वापरकर्त्याने कोणताही बदल न करताही विद्युतदाबाची मर्यादा किती निर्णायक असते, हे या घटनेने दाखवून दिले.

या बदलामुळे मेमरीची योग्य मांडणी, उत्तम शीतकरण आणि तोच वेग कमी विद्युतदाबावर मिळवण्याची अंडरव्होल्टिंग ही पद्धत यांना महत्त्व आले आहे. 'के' प्रोसेसर, 'झेड' चिपसेटचा मदरबोर्ड आणि मोठा शीतक यांवरील एकत्रित जादा खर्चात अनेकदा वरच्या श्रेणीतील प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड घेता येते. भाग निवडताना ही तुलना प्रथम करणे हितावह ठरते.

हेही पाहा

मदरबोर्ड
मूरचा नियम
संगणक शीतकरण